तीन साड्या आणि सहा पेंग्विन

माझा गाढवपणा ऐकायचाच म्हणताय ना? मग चहा ओतून घ्या आणि एक अट पाळा. मध्येच "असं कसं होईल?" म्हणून विचारायचं नाही. कसं झालं ते मलाही अजून कळलेलं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथे बोर्लीत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. फळ्याकडे तोंड असतानाही शेवटच्या बाकावर कोण कुणाची वही उतरवतंय ते मला कळायचं. अजूनही गावातली लग्नपत्रिका छापखान्यात जायच्या आधी माझ्या डोळ्यांखालून जाते. नजर म्हणजे नजर! तर ही नजर लक्षात ठेवा. पुढे तिचं काय झालं ते सांगतोच.

शैला, माझी बायको, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गेली. त्याबद्दल फार बोलत नाही. इतकंच सांगतो, की सकाळी फळीवरून दोन कप काढायची सवय मोडायला मला बराच वेळ लागला.

यंदा आमच्या जाईला मुलगी झाली. जाई पुण्याला असते, पण बारसं इथेच करायचं, आईच्या घरात, असं तिनं ठरवलं. सव्वा महिना झाला की येणार होती. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही काही करू नका हं. नुसते असा."

नुसते असा! आता सांगा, नातीच्या बारशाला आजोबांनी खुर्चीसारखं नुसतं असायचं? शैला असती तर तिनं काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. गोधडी शिवली असती. जाई चार महिन्यांची पोटात असताना तिनं एक शिवली होती आणि ती जाईनं पहिलीपर्यंत फरफटत नेली होती. तेव्हा ठरवलं, की गोधडी होणार. आजीची झाली नाही तर आजोबांची होईल.

आता माझं शिवणकाम म्हणाल तर शर्टाचं बटण. तेही लावल्यावर काजात जात नाही. म्हणून मोबाइलवर शोधाशोध केली आणि एक तयार संच मागवला. 'बाळाची गोधडी घरच्या घरी, सर्व साहित्य आत.' चित्रात एक बाई सोफ्यावर बसून हसत हसत शिवत होती. मला वाटलं, ही हसतेय म्हणजे सोपं असणार.

खोकं आलं. उघडलं. आत कापलेले तीस चौकोन, दोरे, सुया, एक पुस्तिका आणि ढगासारखी गुबगुबीत पांढरी गादी. तीसपैकी सहा चौकोनांवर पेंग्विन, गळ्यात मफलर. सहांवर बर्फाचे बाहुले. बाकीचे कोरे पांढरे. आमच्याकडे जानेवारीतही पंखा लागतो आणि माझी नात बर्फात झोपणार होती.

पुस्तिकेच्या चौथ्या पानावर मात्र एक वाक्य होतं. कोऱ्या चौकोनांच्या जागी तुमच्या घरातलं जिव्हाळ्याचं कापड लावा, म्हणजे गोधडी तुमची स्वतःची होईल. ते वाचलं आणि मी उठलोच. शैलाच्या साड्या!

इथे एक गोष्ट मागे जाऊन सांगायला हवी. शैलाचं सगळं आटोपल्यावर माझी बहीण विमलताई आठवडाभर राहिली होती. तिनं कपाट आवरायला घेतलं. मी तिला म्हणालो, "काय कुणाला द्यायचं ते दे. मला सांगू मात्र नकोस." आणि मी मागच्या दारी जाऊन नारळाच्या झावळ्या मोडत बसलो. आत आलो तेव्हा कपाट रिकामं होतं. कुठली साडी कुठे गेली ते मी विचारलं नाही. गल्लीतही तिनं सगळ्यांना बजावलं असावं, कारण मला कधी कुणी सांगितलं नाही.

तर साड्या शिल्लक असण्याची आशा नव्हती. तरी माळ्यावर चढलो. तिथल्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं सापडलं. वर शैलाच्या अक्षरात चिठ्ठी टाचलेली: 'बाळाच्या गोधडीसाठी. धुऊन ठेवल्यात.'

मी शिडीवरच बसलो. म्हणजे जाईचं लग्न झालं तेव्हापासूनच हिची तयारी! गाठोड्यात तीन साड्या होत्या. एक निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. एक वांगी रंगाची, पिवळ्या काठाची. एक पिस्ता रंगाची, बारीक फुलांची. आणि काय सांगू, हातात घेतली तशी एकेक साडी बोलायला लागली! निळी पाहिल्याबरोबर आगरदांड्याची फेरीबोट आठवली. दिघीला येताना शैलाचा पदर वाऱ्यानं उडून एका स्कूटरच्या आरशात अडकला होता आणि अख्खी बोट हसली होती. वांगी म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन, पहिल्या रांगेत. पिस्ता रंगाची म्हणजे या घरातलं तिचं पहिलं हळदीकुंकू. सगळं जसंच्या तसं डोळ्यांसमोर. मी सांगितलं ना तुम्हाला, नजर!

त्याच दुपारी ओटीवर सतरंजी टाकली आणि कापायला बसलो. निळीचे चौकोन कापले, एक पेंग्विन घेतला, टाके घालायला सुरुवात केली. तासाभरानं पाहतो तर पेंग्विन खाली डोकं वर पाय, आणि गोधडीबरोबर माझा लेंगाही शिवला गेलेला.

तेवढ्यात शेजारच्या नलूवहिनी आल्या. नलूवहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून पंचवीस वर्षं. त्यांचं तोंड थांबलेलं मी त्या पंचवीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"भावजी, हे काय मांडलंय?"

मी लेंगा सोडवत सगळं सांगितलं. संच, पेंग्विन, गाठोडं, चिठ्ठी. मग निळा तुकडा त्यांच्यासमोर धरून फेरीबोटीचा प्रसंग सांगितला. पदर कसा उडाला, आरशात कसा अडकला, शैला कशी लाजली.

नलूवहिनी गप्प झाल्या. खरोखरीच्या गप्प. तो तुकडा त्यांनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मैत्रीण आठवली. शेवटी त्या म्हणाल्या, "द्या ती सुई इकडे. आणि लेंग्यापासून लांब बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी आटोपून त्या आल्या त्या दोघींना घेऊन. एक पारूमावशी, आमच्या वाडीच्या टोकाला त्यांची भातशेती, वय सत्तरीच्या पुढे आणि टाका माणसासारखाच सरळ. दुसरी जुबेदाभाभी, शिवणयंत्रवाली. गल्लीतल्या प्रत्येक साडीचा फॉल तिच्याच हातचा. तिचा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून ती मला सर म्हणते.

त्या तिघींनी संचाचं जे काही केलं ते त्या सोफ्यावरच्या बाईनं पाहिलं असतं तर तिचं हसू मावळलं असतं. पारूमावशींनी आधी गुबगुबीत गादी दाबून पाहिली. "ह्यात प्वार उकडून निघंल, मास्तर," म्हणाल्या आणि ती बाजूला फेकली. आत घालायला माझ्या वडिलांची दोन मऊ धोतरं निघाली. मग त्यांनी पेंग्विन उचलला आणि विचारलं, हा कावळा आजारी आहे का. मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. म्हणून जुबेदाभाभीनं तपकिरी कापडाचं इरलं कापून पेंग्विनच्या डोक्यावर शिवलं. पायाखाली हिरव्या दोऱ्यानं भाताची रोपं काढली. सहाही पेंग्विन लावणीला उतरले! बर्फाच्या बाहुल्यांना हातांच्या जागी काटक्या होत्याच, त्यांना फाटका सदरा घातला की झाली बुजगावणी. माझा उलटा पेंग्विन मी उसवायला निघालो तर नलूवहिनी म्हणाल्या, राहू दे, तो चिखलात पडलाय.

अशी आठ-दहा दुपारी बैठक चालली. त्या शिवायच्या, मी सुईत दोरा ओवून द्यायचो आणि साड्यांच्या आठवणी सांगायचो. वांगी तुकडा निघाला की संमेलन. पारूमावशी मान न वळवता म्हणायच्या, "व्हय मास्तर. लय बेस दिसायची." पिस्ता तुकडा निघाला की हळदीकुंकू. एकदा तर मी तो प्रसंग इतका रंगवून सांगितला, की जुबेदाभाभीनं तोंडावर ओढणी धरली आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. म्हटलं, रडू आलं तर येऊ द्या. ती पाणी प्यायली आणि तिला ठसका लागला.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका दुपारी नलूवहिनी विटकरी रंगाची, काळ्या काठाची साडी नेसून आल्या. मी सहज म्हटलं, नवीन घेतली का. त्या जरा अडखळल्या. "हो. म्हणजे, तशी नवीनच." मी आपला गप्पांच्या ओघात बोलून गेलो, "तुम्हाला शोभते. शैलाला मात्र असला रंग मुळीच आवडला नसता."

तिघींनी एकदम मान खाली घातली आणि भराभर टाके घालायला लागल्या. मला वाटलं, ऊन उतरलं म्हणून घाई.

गोधडी झाली. झाली म्हणजे अशी झाली, की मी ती घडी घालून ठेवायचो आणि परत उघडायचो. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. नुसती गोधडी काय द्यायची? मी दोन दिवस बसून एक कागद लिहिला. 'आजीच्या साड्यांची गोधडी.' कुठला तुकडा, कुठला प्रसंग, सगळं नातीला उद्देशून. बारशाला मोठ्यानं वाचायचा. तिघींना तसं सांगितलं तर त्यांचे चेहरे उतरले. नलूवहिनी म्हणाल्या, "भावजी, नुसती द्या ना गोधडी." जुबेदाभाभी म्हणाली, "सर, कागद राहू द्या. मनातल्या मनात दिलेली दुआपण लागते." मी म्हटलं, काय ही माणसं! इतकं केलं आणि कौतुक नको.

बारशाचा दिवस उजाडला. पाळण्याला झेंडूच्या माळा, ओटीवर माणसं, आत बायका. बाळाचं नाव ठेवलं मीरा. कानात कुर्र झालं, घुगऱ्या वाटल्या. तेव्हा मी खाकरून उभा राहिलो, गोधडी जाईच्या मांडीवर ठेवली आणि कागद उघडला.

वाचत होतो आणि आवाज माझा मलाच चांगला वाटत होता. फेरीबोट झाली. पदर झाला. स्कूटरचा आरसा झाला. जाई निळ्या तुकड्यावर बोट ठेवून बसली होती. मला वाटलं, आईला चाचपतेय.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही नलूकाकूंची साडी आहे."

मी म्हटलं, "कशावरून?"

"हा शाईचा डाग बघा. मी पाडलेला, तिसरीत. आईनं मला त्यावरून धपाटा घातला होता."

चौकोनाच्या कोपऱ्यात खरंच एक फिकट जांभळा डाग होता. इतके दिवस मी तो तुकडा हाताळला होता. माझी ती प्रसिद्ध नजर त्याला ठिपक्यांतला एक ठिपका समजली होती.

मी नलूवहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "शैलानं मागून नेली होती, भावजी. बाळाची पहिली गोधडी शेजारपाजारच्या जुन्या साड्यांची करायची, म्हणजे बाळ सगळ्यांचं होतं, असं म्हणायची. इथल्या बायका करतात तसं."

"पण तो पदर? फेरीबोट?"

"पदर माझाच अडकला होता. शैला माझ्याबरोबर होती." मग हळू आवाजात, "तुम्ही नव्हतातच त्या बोटीवर. तिनं घरी येऊन तुम्हाला सांगितलं असेल."

मी खाली बसलो. वांगी साडी पारूमावशींची निघाली. स्नेहसंमेलनाला नव्हे, खळ्यावर. ती नेसून त्यांनी दहा वर्षं भात झोडलं होतं, म्हणून तर इतकी मऊ. आणि पिस्ता रंगाची? ती जुबेदाभाभीला सासूनं पहिल्या ईदला दिलेली. तिला मी आठ-दहा दुपारी हळदीकुंकवाला बसवत होतो.

"अहो, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

तिघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी पारूमावशी म्हणाल्या, "तुमी येवडं ग्वाड सांगत व्हतात, मास्तर. ती गेल्यापासून तुमी येवडं बोललाच न्हाय कदी. कशापायी मोडायचं?"

खरंच. दोन वर्षांत मी शैलाबद्दल कुणाशी शब्द काढला नव्हता. त्या आठ-दहा दुपारी मात्र थांबलो नव्हतो. त्या तिघी रोज आपापली कामं टाकून आल्या, स्वतःच्याच साड्या मी माझ्या बायकोला नेसवलेल्या ऐकल्या आणि 'व्हय मास्तर' म्हणत राहिल्या. आजही ते आठवलं की मला त्यांच्याशी नीट बोलता येत नाही.

पण त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती तोंडातून निघालीच. "म्हणजे या गोधडीत शैलाचं काहीच नाही?"

जाईनं डोळे पुसले. मग ती हसायला लागली. पुसतेय आणि हसतेय.

"बाबा, समोर बघा."

समोर काय, त्या तिघी बसल्या होत्या. मी पाहिलं. काही कळलं नाही.

"अहो, त्यांच्या अंगावर बघा ना."

नलूवहिनी त्या विटकरी साडीत होत्या. पारूमावशी हिरव्या, आंब्याच्या काठाच्या. जुबेदाभाभीचा कुडता मोरपंखी, आणि तो साडीचा शिवलाय हे आता नीट पाहिल्यावर दिसत होतं. विमलताईनं वाटलेल्या शैलाच्या साड्या होत्या त्या. तिघींनी ठरवून अंगावर घातल्या होत्या, नातीच्या बारशाला आजी हवी म्हणून. जाईनं दारातूनच ओळखल्या होत्या. तिला वाटलं, बाबांनीही ओळखल्या असतील.

शैला माझ्यासमोर तीन ठिकाणी बसली होती, सकाळपासून, आणि मी तिला घुगऱ्या वाढल्या होत्या.

नलूवहिनींनी मग वेळ घालवला नाही. आतून कात्री मागवली, उठून माजघरात गेल्या आणि निऱ्यांच्या आतलं टोक वीतभर कापून आणलं. म्हणाल्या, नेसल्यावर कळतही नाही. त्यांच्या मागोमाग पारूमावशी गेल्या. जुबेदाभाभीकडे कुडत्यातून उरलेलं कापड घरी होतं. गोधडीला चारी बाजूंनी पट्टी लागली. विटकरी, हिरवी, मोरपंखी. मीरा आता ती पट्टीच तोंडात धरून झोपते, असं जाई सांगते.

विटकरी पट्टी हातात घेतली तेव्हा मला माझं ते बोलणं आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी जाईला विचारलं, "ही कधी घेतली होती गं तिनं?"

"तिनं कुठे? तुम्ही आणली होतीत. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला."

मी नलूवहिनींची माफी मागायला लागलो. म्हटलं, तिच्याच साडीला मी म्हणालो, की तिला असला रंग आवडला नसता.

"नव्हताच आवडत," नलूवहिनी पट्टी टाचत म्हणाल्या. "दर वेळी नेसताना म्हणायची, काय हा विटेचा रंग उचलून आणलाय. पण यांनी आणलीय म्हणून नेसते."

तो बारशाचा कागद मी ठेवून दिलाय. सगळे गेल्यावर लाल पेन काढलं आणि तपासला. फेरीबोट, चूक. संमेलन, चूक. हळदीकुंकू, चूक आणि वर शेरा. एकच गोष्ट बरोबर निघाली, ती रंगाची, आणि ती तर मी लिहिलीच नव्हती, नुसता बोललो होतो. म्हणजे लेखी शून्य, तोंडी एक. वरच्या वर्गात ढकललं ते त्या तिघींनी.